अर्ध्या टँकरचा धक्का

नबीलाल नदाफ बाजारातून आणलेली वांगी घरी पुन्हा तोलतात. त्यासाठी त्यांनी स्वयंपाकघरात एक जुना तराजू टांगून ठेवला आहे. दूध तापवण्याआधी नखावर थेंब घेऊन तो कसा ओघळतो ते बघतात. टपरीवर चहाला थांबले तर गाडीची किल्ली खिशात आणि खिशावर हात. कुणी रस्त्यात भेटून "कसं काय, नबीलालभाई?" म्हणालं, तर आधी "का?" विचारतात आणि मग बरं आहे म्हणून सांगतात.

त्यांची मुलगी झीनत आणि मी एकाच शाळेत शिकवतो. ती विज्ञान, मी मराठी. सात रस्ता चौकाच्या मागच्या अंगाला त्यांचं घर आहे, आणि शाळा सुटली की मी पुष्कळदा तिच्याबरोबर तिथे चहाला जाते. त्यामुळे ही हकीकत मी थोडी डोळ्यांनी पाहिली, थोडी झीनतने सांगितली, आणि उरलेली खुद्द नबीलालचाचांनी, तीही मी कशासाठी विचारते आहे याची नीट चौकशी करून झाल्यावर. घरात ते दखनी बोलतात, गाडीवर इकडची गावरान मराठी. मी सगळं मराठीतच सांगते.

चाचांचं आयुष्य ट्रकवर गेलं. चादरी आणि टॉवेलांचे गठ्ठे भरायचे आणि सुरत, नागपूर, कुठे कुठे पोचवायचे. गठ्ठ्यांचे दोर ते स्वतः आवळत. हमालाने मारलेली गाठ दिसली की ती सोडून पुन्हा आपली मारत. लांबच्या रस्त्याला ट्रकवर दोन ड्रायव्हर असतात; एक चालवतो, दुसरा मागच्या फळीवर पडतो. गाडी दुसऱ्याच्या हातात असली की चाचांना झोप लागत नसे. डोळे मिटून ते गियरचे आवाज ऐकत राहत. याला अपवाद एकच होता, धुळाप्पा.

धुळाप्पा मैंदर्गीचा. घरात कानडी बोलणारा, मोठ्या हाडाचा, मोजकं बोलणारा माणूस. हसू आलं की आधी त्याचे खांदे हलायचे आणि तोंड मागून हसायचं. त्याने स्टिअरिंग धरलं की चाचा घोरायला लागत. साबेराचाची, म्हणजे झीनतची आई, म्हणायची, "माझ्यावर नसेल एवढा ह्यांचा त्या धुळाप्पावर भरवसा." चाचा ते नाकारत नसत.

वय झालं तसे दोघेही लांबच्या रस्त्यावरून उतरले. धुळाप्पा कुंभारीला कामगारांच्या वसाहतीत राहायला गेला आणि सिद्धनाथशेठचा पाण्याचा टँकर चालवू लागला. उन्हाळ्यात त्या भागात नळाचं खरं नसतं. टँकर आला तर पाणी. गेल्या वर्षी धुळाप्पाची कंबर धरली. टँकरच्या शिडीवर चढणं त्याला जमेना. शेठनी त्याला जारच्या पाण्याचा लहान टेम्पो दिला. टँकर मधे काही दिवस गळती काढायला वेल्डरकडे होता; तिथून आला तो धुळाप्पाच्या शब्दावर चाचांच्या हातात.

किल्ली देताना धुळाप्पा म्हणाला, "नबी, गाडी गुणाची हाय. फकस्त वळणावर वाईच सांभाळ, टाकी उंच हाय." आणि त्याचे खांदे हलले.

त्या संध्याकाळी चाचा घरी आले आणि चपला काढायच्या आधी म्हणाले, "तो हसला कशाला?"

"हसला म्हणजे हसला," चाची म्हणाली.

"गाडी गुणाची हाय म्हणायचं आणि हसायचं. ह्याचा अर्थ काय?"

पहिल्याच फेरीला ते घडलं. भरलेला टँकर घेऊन चाचा कुंभारीत शिरले. गाडी जड होती, पण शहाण्यासारखी चालली. धुळाप्पाच्या घराजवळ कोपऱ्यावर एक मोठी काळी टाकी आहे. तिथे त्यांनी अर्धं पाणी सोडलं. उरलेलं पुढच्या गल्लीत द्यायचं होतं. वाटेत एक म्हैस आडवी आली, म्हणून त्यांनी ब्रेक दाबला. टँकर थांबला. म्हैस पलीकडे सरकते न सरकते, तेवढ्यात मागून कुणीतरी जोरात ढकलावं तसा धक्का बसला आणि चाचांची छाती स्टिअरिंगवर आदळली.

त्यांनी आरशात पाहिलं. मागे कुणी नव्हतं. खाली उतरून ते टँकरभोवती फिरले. मागच्या पत्र्याला पोचा नाही, ओरखडा नाही. रस्त्यावर चार कोंबड्या आणि धूळ.

पुन्हा गाडी सुरू केली तर उलटा प्रकार. गाडी पुढे निघते आहे आणि मागून कुणीतरी धरून ठेवलं आहे. मग एकदम सोडल्यासारखी ती पुढे उसळली.

चाचांचं एक ठाम मत आहे. आपोआप काही होत नाही. डबा पडला तर कुणीतरी पाडला, दार उघडं दिसलं तर कुणीतरी उघडलं. "हात लावल्याबिगर काय बी हलत न्हाय," हे वाक्य झीनतने लहानपणापासून ऐकलेलं आहे. आता गाडी हलली होती, म्हणजे हात कुणाचा, एवढंच शोधायचं राहिलं होतं.

ते टँकर घेऊन तन्वीर मिस्त्रीकडे गेले. तन्वीरने चाकं काढली, ब्रेकचे गुटके पाहिले, नळ्या तपासल्या, मग रिकामा टँकर रस्त्यावर पळवून करकचून थांबवला.

"चाचा, ब्रेक एक नंबर हाय."

"मग धक्का?"

"मला तर नाय बसला."

चाचांनी तन्वीरकडे जरा वेळ पाहिलं. परत येताना त्यांना आठवलं की धुळाप्पाची गाडीही इतकी वर्षं तन्वीरकडेच येत होती.

त्यांनी पाळत ठेवायला सुरुवात केली. चाचीच्या कपाटातली नेलपॉलिशची बाटली घेऊन ब्रेकच्या नळीच्या प्रत्येक नटावर लाल ठिपका दिला. कुणी पाना लावला तर ठिपका तुटेल. ठिपके शाबूत राहिले आणि धक्के बसतच राहिले. तेव्हा चाचा म्हणाले की हा रंग दुकानात कुणालाही मिळतो. रात्रभर टँकर उभा असे तिथे त्यांनी खाली चाळलेली राख पसरली. सकाळी राखेत मांजराची पावलं होती, माणसाची नव्हती.

मग त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली आणि तिने त्यांची झोप उडवली. पाणी भरल्यापासून कुंभारीपर्यंत कधीच धक्का बसत नसे. सगळं रिकामं करून परत येतानाही नाही. धक्का बसायचा तो कोपऱ्यावरच्या काळ्या टाकीनंतर, दर वेळी. आणि त्या कोपऱ्यावर घर होतं धुळाप्पाचं.

धुळाप्पा जारच्या फेऱ्यांमधून वेळ काढून बाहेर यायचा. आपला जुना टँकर आणि जुना मित्र, दोन्ही दारात. तो चहा आणायचा, आणि पाणी उतरत असताना टाकीच्या पत्र्यावर तळव्याने थापट्या मारत मागून पुढे जायचा. आवाजावरून किती पाणी उरलं ते त्याला कळायचं. म्हशीच्या पाठीवर थाप मारावी तशी ती सवय होती. पण चाचा आता केबिनमध्ये चहा हातात धरून आरशातून ते बघत बसायचे, आणि चहा तसाच निवायचा.

"तू काय ठोकतोस रे सारखं?" एकदा त्यांनी विचारलं.

"पानी बगतोय," धुळाप्पा म्हणाला आणि त्याचे खांदे हलले.

घरी चाचा म्हणाले, "त्याला टँकर सोडायचा नव्हता. कंबर हे निमित्त. शेठनं काढला त्याला. आता मी बदनाम झालो की गाडी परत त्याची."

"पण तुमचं नाव त्यानंच सुचवलं ना?" चाची म्हणाली.

"म्हणून तर!" चाचा म्हणाले.

ज्या दिवशी काशम्मा पडली, तो दिवस उन्हाने रखरखलेला होता. कोपऱ्यावर अर्धं पाणी उतरवून चाचा पुढच्या गल्लीत आले. बायकांनी प्लास्टिकची पिंपं रस्त्यावर ओळीने मांडली होती. काशम्मा म्हणून एक म्हातारी बाई, दोन्ही हात पिंपाच्या कडेवर ठेवून, सर्वांत पुढे उभी होती. चाचांनी तिच्यापासून चांगलं अंतर ठेवून गाडी थांबवली. थांबली, हे त्यांनी स्वतः पाहिलं, बायकांनीही पाहिलं. त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला आणि हँडब्रेककडे हात नेला. तेवढ्यात टँकरने पुढे उडी घेतली.

उडी फार मोठी नव्हती. पण बंपर पिंपावर आदळला, पिंप काशम्मावर, आणि ती मागे पडली ती मनगटावर. हाड मोडल्याचं दवाखान्यात नंतर कळलं. तिथे त्या क्षणी फक्त तिचं ओरडणं होतं आणि मग सगळ्यांचं.

"उभी केलेली गाडी अंगावर घातली!"

"पिऊन आलाय!"

एका माणसाने पुढे होऊन चाचांचं तोंड हुंगलं. ज्या माणसाने आयुष्यात थेंब घेतला नाही, तो भर रस्त्यात तोंड उघडून उभा होता आणि लोक हुंगत होते. हुंगणाऱ्याला वास आला नाही, तर तो म्हणाला, "गोळ्या खाल्ल्या असतील."

आरडाओरडा ऐकून धुळाप्पा कंबरेवर हात ठेवून धावत आला. त्याच्यामागून त्याची बायको दानम्मा. दानम्माने काशम्माला उचलून सावलीत नेलं. धुळाप्पाने लोकांना मागे सारलं आणि म्हणाला, "थांबा की जरा. ह्या मानसाला मी वळकतो."

आणि चाचा त्याच्याकडे बोट करून ओरडले, "ह्यालाच इचारा! गाडीला हा काय तरी करतोय. रोज हितं थांबलो की हा हात लावतो, आन् मग गाडी बिथरते. ह्याला इचारा!"

धुळाप्पाने चाचांकडे पाहिलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं चाचांनी मला पुढे सांगितलं. तो रागावला नाही. त्याने फक्त विचारलं, "इतकी वरसं माझ्या हातात गाडी देऊन झोपलास. तवा काय केलं नबी मी?"

धुळाप्पा वळला आणि घरात गेला.

शेठनी टँकर आपल्या अक्कलकोट रस्त्यावरच्या आवारात उभा केला आणि चाचांना घरी बसायला सांगितलं. दवाखान्याचं त्यांनी पाहिलं. पण गल्लीतल्या गोष्टी सात रस्त्यापर्यंत यायला वेळ लागत नाही. पानवाला चाचांना बघून गप्प व्हायचा. नमाजानंतर ओळखीची माणसं जरा जास्तच प्रेमाने चौकशी करायची. जन्मभर इतरांवर संशय घेणाऱ्या माणसावर आता सगळ्यांचे डोळे होते. झीनतने मला शाळेत सांगितलं, "खरं सांगू? काल अब्बांना चहा देताना मीही मुद्दाम जवळ वाकले. वास घेतला मी त्यांचा." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याच दिवशी मी तिच्याबरोबर घरी गेले. चाचा खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. झीनतने स्टूल ओढलं.

"अब्बा, मला सगळं पहिल्यापासून सांगा. कोणी केलं ते नको. काय झालं तेवढंच."

चाचांनी आधी मला, मग तिला न्याहाळलं. मग सांगितलं. सांगताना दर दोन वाक्यांनी धुळाप्पा मधे येत होता आणि झीनत त्याला बाजूला काढत होती.

"टँकर भरलेला असला तर धक्का नाही?"

"न्हाय."

"रिकामा असला तर?"

"न्हाय. अर्धा झाला की. त्याच्या दाराशी."

"त्याच्या दाराशी, की अर्धा झाला की?"

चाचा चिडले. "एकच ते! अर्धा त्याच्या दाराशीच होतो."

"अब्बा, मग अर्धा दुसरीकडे करून बघू या."

चाचांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. हा डाव कुणाचा आहे, हेच बहुधा शोधत असावेत. शेवटी म्हणाले, "जागा मी ठरवणार. पानी माझ्या डोळ्यांदेखत भरायचं. आन् टाकीला कुलूप माझं."

रविवारी आम्ही शेठच्या आवारात गेलो. शेजारी मोकळं माळरान होतं. चाचांनी ते पायांनी चालून पाहिलं. आसपास झाड नाही, घर नाही, लपायला जागा नाही. तन्वीर मिस्त्रीने गाडी चालवायची असं ठरलं, कारण शेठनी चाचांना स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. चाचांनी तन्वीरचे खिसे तेवढे तपासायचे ठेवले.

आधी रिकामा टँकर. तन्वीरने पळवला, थांबवला, ब्रेक सोडला. काही नाही. मग काठोकाठ भरला, झाकणाला चाचांचं कुलूप. गाडी थांबली, ती एखाद्या दगडासारखी थांबली. मग चाचांनीच नळ सोडून अर्धं पाणी माळावर वाहू दिलं. ते वाहताना बघणं जिवावर आलं होतं. या वेळी चाचा आणि झीनत केबिनमध्ये तन्वीरच्या शेजारी बसले. मी बाहेर उभी होते.

टँकर धूळ उडवत आला आणि माझ्यासमोर थांबला. पूर्ण थांबला. तन्वीरने ब्रेक सोडला असावा, कारण लगेच आतून ढोलावर थाप पडावी तसा आवाज आला आणि सगळा टँकर हातभर पुढे सरकला. मागे कुणी नव्हतं. त्या माळावर आम्ही चौघं सोडून कुणीच नव्हतं. हे होणार ते ठाऊक असूनही मी दोन पावलं मागे सरले.

चाचा खाली उतरले. "पुन्हा," ते म्हणाले.

पुन्हा तसंच झालं. मग त्यांनी तन्वीरला अगदी सावकाश चालवायला सांगितलं, टाकीच्या पत्र्याला तळवा लावून शेजारून चालत राहिले, आणि "थांब" म्हणाले. टँकर थांबला. चाचांचा हात पत्र्यावरच होता. आत काहीतरी मागून पुढे धावत गेलं, पुढच्या भिंतीवर आपटलं आणि माघारी फिरलं. त्यांनी पत्र्याला कान लावला.

"पानी हाय," ते म्हणाले.

झीनत जवळ आली. "अब्बा, ट्रकवर गठ्ठ्यांना दोर का आवळता तुम्ही?"

"न्हाय आवळला तर ब्रेक मारल्यावर माल केबिनवर येतो की."

"माल का येतो? त्याला कोण ढकलतं?"

चाचांनी तळवा पुन्हा पत्र्यावर ठेवला.

"गाडी पळत असते तेव्हा मालही पळत असतो," झीनत म्हणाली. "तुम्ही ब्रेक मारता, तो चाकांना धरतो. चाकं गाडीला धरतात. दोर मालाला धरतो. दोर नसेल तर माल आपल्या चालीनं पुढे जातच राहतो. त्याला ढकलायला कुणी लागत नाही, थांबवायला लागतं. आता ह्या टाकीत बघा. अर्धं पाणी म्हणजे भरलेल्या पाच-सहा रिक्षांचं वजन. तेवढं वजन हलवायला जेवढा जोर लागतो, तेवढाच थांबवायलाही लागतो. तुम्ही गाडी थांबवली. पाण्याला कुणी थांबवलं?"

चाचांनी वाकून चाकाकडे पाहिलं, मग टाकीकडे.

"कुणीच न्हाय," ते म्हणाले. "ब्रेक चाकाला हाय. पान्याला कुटं हाय?"

"पुढची भिंत लागेपर्यंत ते चालूच राहतं. भिंतीला लागलं की सगळा जोर गाडीवर. त्याच वेळी तुमचा पाय ब्रेकवरून उठला असेल, तर गाडी पुढे जाणारच. गाडी सुरू करताना उलटं होतं. गाडी निघते, पाणी जागच्या जागी राहायला बघतं, ते मागच्या भिंतीवर येतं. तुम्हाला वाटतं कुणीतरी मागून धरलंय."

"आन् भरलेला असला की?"

"जायला जागाच नाही. गच्च बांधलेल्या गठ्ठ्यासारखं."

तन्वीर इंजिन बंद करून हे ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "मी तर रिकामाच तपासला होता, चाचा." त्या दिवशी पहिल्यांदा चाचांनी त्याच्याकडे सरळ नजरेने पाहिलं.

मला वाटलं, संपलं. पण चाचांचा स्वभाव असा एका रविवारात थांबणारा नाही. "मग धुळाप्पाला कसा बसला न्हाय धक्का?" ते म्हणाले. "तो बी अर्धाच करायचा. तितंच करायचा. इतकी वरसं." झीनतची नजर टाकीवरच्या झाकणाकडे गेली.

उरलेलं पाणी सोडून टाकी रिकामी केल्यावर चाचा शिडीवरून वर चढले आणि झाकण उघडून आत बॅटरी मारली. थोड्या वेळाने वरून त्यांचा आवाज आला, जवळजवळ आनंदाचा: "कापलंय! बग, बग, कापलंय कुनीतरी!"

मीही चढून पाहिलं. टाकीच्या आत, दोन ठिकाणी, भिंतीला गोल फिरलेली पत्र्याची कड उरली होती. तिथे काहीतरी आडवं बसवलेलं होतं आणि ते गॅसने कापून काढलं होतं. कापल्याच्या खुणा ताज्या होत्या.

चाचा तडक शेठच्या खोलीत गेले, आम्ही मागोमाग. सिद्धनाथशेठ पंख्याखाली कलिंगड खात होते.

"शेठ, टाकीतनं काय कापलं? कुनी कापलं?"

"ते पत्रे व्हय?" शेठ म्हणाले. "मीच काढाय लावले की. आडवे पत्रे होते भोकाभोकाचे. लई गंजले होते. पाणी तांबडं यायला लागलं, बायका वरडायला लागल्या. गळती काढाय टँकर नेला तवाच वेल्डरला म्हटलं, काढून टाक. का? काय झालं?"

"ते कशासाठी होते, म्हायती हाय तुमाला?"

"टाकीला आतनं आधार असंल म्हणून," शेठ म्हणाले आणि कलिंगडाची फोड आमच्यापुढे केली.

झीनतने त्यांना सांगितलं की ते पत्रे पाण्याला अडवायला होते. पाणी भोकांतून थोडं थोडं जाई, एकदम धावत नसे. शेठ ऐकत गेले तसा त्यांचा हात थांबला. त्यांनी काही लपवलं नव्हतं. वेल्डरला ठाऊक होतं, शेठना ठाऊक होतं, आवारातल्या वॉचमनलाही ठाऊक होतं. चाचांनी नटांवर ठिपके दिले, राख पसरली, आरशातून पाळत ठेवली; फक्त शेठना विचारलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी शेठनी नवे जाड पत्रे बसवायला टँकर पाठवला आणि स्वतः काशम्माकडे जाऊन तिच्या मुलांसमोर हात जोडले. चाचाही गेले. काशम्मा म्हणाली, "तू प्यालेला नव्हतास एवडं मला तवाच कळलं हुतं. गाडी थांबल्यावर तू माझ्याकडं बगून हसला हुतास. मग तुलाच भ्या वाटलं." तिने त्यांना बसायला पोतं टाकलं.

धुळाप्पाकडे जाणं अवघड होतं. चाचा दोनदा त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या वेळी झीनत सोबत होती. धुळाप्पा दारात टेम्पोचे जार धूत होता. चाचांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पत्र्यांचं, पाण्याचं, माळावरचं. धुळाप्पा जार धूत राहिला. दानम्मा उंबऱ्यात येऊन उभी होती.

"चुकलं माझं," चाचा म्हणाले.

"पान्याचं कळलं तुला," धुळाप्पा मान वर न करता म्हणाला. "बरं झालं. पत्रे न्हाईत म्हनून गाडी बिथरली, ते बी कळलं. पन ते पत्रे असते आन् तरी बी बिथरली असती, तर? तर मी चोरच की."

त्याने पुढचा जार ओढला. परत येताना रिक्षात चाचा एकदाच म्हणाले, "बरोबर बोलला तो."

पुढे पाऊस आला, टँकरच्या फेऱ्या बंद झाल्या. चाचा पुन्हा गठ्ठ्यांच्या गाडीवर गेले, पण आता जवळच्याच फेऱ्या. धुळाप्पाचं नाव घरात निघत नसे. चाची एकदा दानम्माला बाजारात भेटली, दोघी खूप बोलल्या, आणि नवऱ्यांविषयी एक शब्द काढला नाही.

दिवाळीनंतर दानम्माचा फोन आला. धुळाप्पाच्या कंबरेने आता टेम्पोही सोडायला लावला होता. दोघं घर मोडून मैंदर्गीला परत निघाली होती. "सामान न्यायला गाडी पायजे," ती म्हणाली. "ह्यांना न सांगताच फोन केलाय मी. तुमी या."

चाचांनी या वेळी का म्हणून विचारलं नाही.

कपाट, कॉट, भांड्यांची पोती, सगळं त्यांनी कुंभारीतल्या दोन माणसांना घेऊन भरलं. धुळाप्पा बाजूला खुर्चीवर बसून बघत होता. दानम्मा केबिनमध्ये खिडकीशी बसली, त्यामुळे धुळाप्पाला मधे, चाचांच्या शेजारी बसावं लागलं. अक्कलकोटपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. अक्कलकोट मागे पडल्यावर एका वळणाला तो म्हणाला, "दुसरा टाक." चाचांनी दुसरा गियर टाकला. मैंदर्गीच्या वेशीत एक कुत्रं आडवं आलं तेव्हा चाचांनी इतका हळू ब्रेक लावला, की मागे भांडंसुद्धा वाजलं नाही. धुळाप्पाने मागे वळून सामानाकडे पाहिलं, मग चाचांकडे.

सामान उतरेपर्यंत दुपार कलली. चाचांनी तोंड धुतलं, रुमालाने पुसलं आणि किल्ली हातात घेतली. आतून ज्वारीच्या भाकरी थापल्याचा आवाज येत होता. धुळाप्पा भिंत धरून दारापर्यंत आला.

"ऊटा माडि होगो," तो म्हणाला. जेवून जा.

चाचांनी किल्ली खिशात टाकली. मग त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि आत गेले.